आधी कोड विचारा!

बाबांची गाडी घेऊन तुम्ही लोणावळ्याला निघालात आणि समोर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तर काय कराल? गाडीतले चौघं चार सल्ले देतील आणि शेवटी ठरेल, 'सर्व्हिस सेंटरला दाखवू.' आमच्या घरीही तेच झालं. गाडी चढावर गचके देत होती. सर्व्हिस सेंटरमधल्या दादांनी बॉनेट उघडलं, मान हलवली आणि १८ हजारांचं एस्टिमेट दिलं. 'सेन्सर, इंजेक्टर, सगळंच बघावं लागेल, सर.' ते फसवत होते असं मी म्हणत नाही. पण कोड कुठला आलाय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं!

तो दिवा लागतो तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरने एक कोड साठवलेला असतो. स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. अमेरिकेत १९९६पासून ते सक्तीचं आहे. आपल्याकडे बीएस-६ गाड्यांना असतंच, आधीच्या बऱ्याच गाड्यांनाही असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर खोचायचा, इग्निशन ऑन करायचं, मोबाइलवर अॅप उघडायचं. झालं.

मित्राने स्कॅनर लावला. कोड आला पी०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. आता इथेच बरेच जण चुकतात. कोड पत्ता सांगतो, गुन्हेगाराचं नाव नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कुणीही असू शकतं. म्हणून कोडचा स्क्रीनशॉट काढला, इंजिन गार होऊ दिलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि एक चक्कर मारली. दिवा परत लागला, पण या वेळी पी०३०३. खराबी कॉइलबरोबर सरकली होती! नवी कॉइल बसवून दोन-अडीच हजारांत विषय संपला.

'आपण काय मेकॅनिक आहोत का?' असं म्हणाल. नाही आहोत. पण ब्लड रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांकडे जायच्या आधी आपण तो गूगल करतोच ना? मग जिचे हप्ते बाबा अजून भरतायत, त्या गाडीचा रिपोर्ट का नको? गाडी वॉरंटीत असेल तर उघडझाप करू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या, फक्त कोड माहीत करून जा. नुसता कोड पुसून दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आणि दिवा लुकलुकत असेल तर हे सगळं विसरा. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय, तो जळू शकतो. गाडी बाजूला घ्या, बंद करा, टोइंगवाल्याला बोलवा.

आमचा स्कॅनर एरवी ग्लव्हबॉक्समध्ये असतो. सध्या सोसायटीतल्या काकांनी नेलाय. 'दोन मिनिटांत देतो' म्हणाले होते, त्याला आठवडा झाला.