सौर प्रकल्पात गावाचाही कायमचा वाटा हवा

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून महावितरणच्या उपकेंद्रांच्या आसपास शेतीला दिवसा वीज देणारे सौर प्रकल्प उभे राहत आहेत. त्यांना माझा मनापासून पाठिंबा आहे. जानेवारीच्या थंडीत मध्यरात्री एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडे घेऊन ज्याने गव्हाला दारं धरली आहेत, त्याला दिवसाच्या विजेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वाटेत साप असो की शेजारच्या उसात बिबट्या, लाइटची पाळी रात्रीची असली की जावेच लागते. वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला आणि सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली.

जमीनमालकाचेही भलेच होते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल सोयाबीन निघते. २०२४-२५ चा ४,८९२ रुपयांचा हमीभाव पूर्ण मिळाला असे धरले, तरी खर्च वजा न करताही तीस हजार होत नाहीत. शिवाय सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. धुळे जिल्ह्यातील विखरणचे धर्मा पाटील वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच ते गेले. संपादनाऐवजी भाडेपट्टा हा मार्ग त्यामुळेच योग्य आहे.

माझा आक्षेप गावाच्या वाट्याबद्दल आहे. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे, एकूण १५ लाख रुपये अनुदान आहे. वीजखरेदीचा करार मात्र २५ वर्षांचा. चौथ्या वर्षापासून पुढची बावीस वर्षे गावाच्या हाती काय? जमीन दिली की ते रान बटाईने करणाऱ्याचे काम जाते, खुरपणी-काढणीला जाणाऱ्या बायांची मजुरी बुडते. त्यांना भाड्यातला रुपयाही मिळत नाही. प्रकल्प उभा राहिल्यावर पहारा, गवतकाढणी आणि पॅनेल धुणे एवढीच कामे उरतात, आणि तीही मोजक्या माणसांची.

गायरानावर तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. सरकारी जमीन प्रकल्पाला नाममात्र भाड्याने मिळते. पण त्या जमिनीवर ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या चरत होत्या, त्यांच्यासाठी ती फुकटची पडीक जागा कधीच नव्हती. तारेचे कुंपण पडले की त्यांनी जनावरे कुठे न्यायची? पॅनेलच्या रांगांमध्ये पावसाळ्यात गवत माजते, ते कंपनीला पैसे मोजून काढावेच लागते. तिथे ठरलेल्या दिवशी गावातल्या मेंढ्या का सोडू नयेत? शेळ्या वर चढतात, वायरी कुरतडतात, हे मान्य. मेंढ्यांची तेवढी भीती नसते. परदेशात सौर प्रकल्पांत मेंढ्या चारण्याची पद्धत रुळली आहे. इथे ती करारातच लिहून घ्यावी.

आणि पैशाचे म्हणाल तर गावाला कायमचा वाटा देण्याची मागणी अवास्तव नाही. एका मेगावॉटमागे वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे फक्त ५ पैसे गावाला ठेवले, तर ५ मेगावॉटच्या प्रकल्पातून वर्षाला पावणेचार लाख रुपये, तेही पंचवीस वर्षे मिळतील. हा पैसा आधी भूमिहीन आणि पशुपालक कुटुंबांसाठी वापरावा, आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा.

राज्य सरकारने पुढच्या निविदांमध्ये ही अट घालावी. आणि ज्या गावांत प्रकल्पाचा विषय अजून यायचा आहे, तिथल्या ग्रामस्थांना माझी विनंती आहे की विरोध करू नका. पण ठराव देण्याआधी ही मागणी ग्रामसभेच्या इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्या.

– एक शेतकरी वाचक