बेरिॲट्रिक सर्जरी: ऑपरेशन झालं, पण घरच्या ताटाची तयारी कोण करणार?

२०११ मध्ये नितीन गडकरी आणि २०१४ मध्ये अरुण जेटली यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली होती. आज हीच शस्त्रक्रिया मध्यमवर्गीय घरांतही होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के महिला आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आल्यापासून तर 'इंजेक्शन की ऑपरेशन' ही चर्चा घरोघरी आणि रील्सवर सुरू आहे.

या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो. पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतो. त्यानंतर त्याने काय खायचं, ते कोण बनवणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार? शस्त्रक्रियेचं यश बरंचसं याच उत्तरावर अवलंबून असतं.

पोटात नेमकं काय बदलतं?

भारतात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी आणि गॅस्ट्रिक बायपास या दोन शस्त्रक्रिया जास्त प्रचलित आहेत. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. सुरुवातीला या पिशवीत जेमतेम दोन टेबलस्पून अन्न मावतं.

स्लीव्हमध्ये भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरकही कमी होतं. त्यामुळे पहिले काही महिने भूक फारशी लागत नाही. वजन झपाट्याने उतरतं ते याच काळात. पण शरीराला प्रथिनं आणि पाणी कमी पडण्याचा धोकाही याच काळात सर्वाधिक असतो.

पहिले सहा आठवडे

प्रत्येक हॉस्पिटलचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि आपल्या डॉक्टरांनी दिलेलाच पाळायचा असतो. साधारण क्रम मात्र असा:

• पहिले एक-दोन दिवस: पाणी, गाळलेलं सूप, साखर नसलेलं पातळ पेय.
• दुसऱ्या आठवड्यापर्यंत: ताक, साय काढलेलं दूध, प्रोटीन पावडरचं पेय.
• तिसरा-चौथा आठवडा: मिक्सरमधून काढलेलं मऊ वरण, दही, कुस्करलेलं पनीर किंवा अंडं.
• पाचवा-सहावा आठवडा: मऊ खिचडी, शिजवलेल्या भाज्या, मासे.
• त्यानंतर: नेहमीचं जेवण, पण अगदी छोट्या वाटीत आणि नीट चावून.

पोळी, ब्रेड आणि चिकट भात सुरुवातीला अडकल्यासारखे वाटतात, म्हणून ते उशिरा सुरू होतात. जेवताना पाणी प्यायचं नाही. जेवणानंतर साधारण अर्धा तास थांबायचं आणि मग दिवसभर घोट-घोट करत दीड-दोन लिटरपर्यंत पोहोचायचं.

वरणाचं पाणी पुरतं का?

घरात कुणी आजारी असलं की आपल्याकडे वरणाचं पाणी, भाताची पेज आणि साबुदाण्याची लापशी पुढे येते. इथेच गफलत होते. या पेशंटला रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. वरणाच्या पाण्यात ती नावापुरती असतात, पेजेत आणि साबुदाण्यात जवळपास नसतातच.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं असतात. पोटात मोजके चमचे मावत असताना एवढा आकडा गाठायचा, तर घासात आधी प्रथिनं आणि मग बाकीचं असा क्रम लावावा लागतो. शाकाहारी घरात हे आणखी कठीण असतं. म्हणूनच आहारतज्ज्ञ प्रोटीन पावडर सुचवतात. प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, थकवा येतो. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात ते मुख्यतः वजन झपाट्याने उतरल्यामुळे, पण प्रथिनं आणि लोह कमी असेल तर ते वाढतं.

दुसरी अडचण आग्रहाची. पुरणपोळी किंवा श्रीखंडाचे दोन घासही, विशेषतः बायपास झालेल्यांना, 'डंपिंग'चा त्रास देऊ शकतात. साखर वेगाने आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब सुरू होतात. 'एवढंसं खाल्लं तर काय होतंय' याचं उत्तर इथे खरोखर वेगळं आहे.

ऑपरेशनआधीच करायची कामं

अनेक सर्जन शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. त्यामुळे यकृत आकसतं आणि ऑपरेशन सोपं होतं. घरच्यांनीही याच काळात तयारी करावी. छोट्या वाट्या आणि चमचे, मिक्सर, मोजमापाची बाटली, प्रोटीन पावडर आणि लिहून दिलेल्या गोळ्या आधीच आणून ठेवाव्यात.

पेशंट घरातली स्वयंपाक करणारी बाईच असेल, तर प्रश्न मोठा होतो. टाके ओले असताना तिने पाच जणांचा स्वयंपाक करून वर स्वतःचं वेगळं जेवण करायचं, हे चालत नाही. जड वस्तू उचलायला काही आठवडे मनाई असते. त्यामुळे पाण्याची कळशी, सिलेंडर आणि लहान मूल कोण उचलणार, हे आधी ठरायला हवं.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस ऑपरेशननंतर लगेच बदलू शकतो. जुनी चिठ्ठी पुढे चालवू नये. दुखलं म्हणून मनाने पेनकिलर घेणंही टाळावं, कारण काही पेनकिलरमुळे जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो.

थांबू नये अशी लक्षणं

ताप, विश्रांती घेत असतानाही वाढलेले ठोके, पोटात किंवा खांद्यात वाढती वेदना, धाप लागणं, एका पायाला सूज. यांपैकी काहीही दिसलं तर रात्र काढू नये, थेट हॉस्पिटल गाठावं. सतत उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटून मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

विमा कुठे थांबतो?

विमा नियामक इर्डाईच्या २०१९ च्या नियमांनुसार, १८ वर्षांवरील व्यक्तीचा बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा ३५ वा त्याहून अधिक आणि सोबत अनियंत्रित टाइप-२ मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया 'लठ्ठपणा' या कारणाखाली विम्यातून वगळता येत नाही. २०२२ मध्ये मात्र या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ इतक्या बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, असं म्हटलं. म्हणजे डॉक्टरांचा निकष आणि विम्याचा निकष यांत मोठं अंतर आहे.

त्याहून महत्त्वाचं अंतर नंतरच्या खर्चाचं आहे. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, डी आणि बी-१२ बहुतेकांना आयुष्यभर घ्यावं लागतं. पहिल्या वर्षी काही महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्ततपासण्या कराव्या लागतात. हा खर्च बहुतेक वेळा घरातूनच होतो, आणि वजन उतरल्यावर 'आता काय गरज' म्हणून गोळ्या सुटतात. बी-१२ च्या कमतरतेची लक्षणं दिसायला काही वर्षंही लागू शकतात.

म्हणून सर्जनला पॅकेजचा आकडा विचारताना आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. आहारतज्ज्ञ किती महिने सोबत असतील? तपासण्या कधी आणि कितीच्या? आणि रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? उत्तरं ऐकताना घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीही शेजारी बसलेली असावी.