डोक्यावरची बॅटरी

"मोबाईलला टॉर्च आहे की!"

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की रात्रीच्या ट्रेकला काय काय आणायचं ती यादी पाठवताना मी 'हेडलॅम्प' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहितो आणि त्याखाली 'मोबाईल चालणार नाही' असंही लिहितो. तरी दहातले चारजण मोबाईलच घेऊन येतात. उरलेल्यांत एखादा असा निघतो, की ज्याच्या कपाळावर एसटीचा हेडलाईट बसवलाय की काय असं वाटावं. माझं भांडण या दोघांशीही आहे.

आधी मोबाईलवाले. त्यांचा एकच युक्तिवाद असतो, "उजेड पडतो ना?" पडतो की! कोण नाही म्हणतंय? पण मुद्दा उजेडाचा नाहीच, मुद्दा हाताचा आहे. कळसूबाईवर सूर्योदय बघायचा म्हणून लोक बारी गावातून मध्यरात्रीनंतर चढायला लागतात. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. शिडीला दोन हात लागतात. एका हातात मोबाईल असेल तर तुम्ही एका हाताने शिडी चढताय, आणि मोबाईल खिशात टाकलात तर अंधारात चढताय. (तो दातात धरून चढणारे महाभागही मी पाहिलेत.) वर पावसाळा असेल तर ओल्या हातातून तो कधी सटकेल याचा नेम नाही. आणि सटकला तर नुसता टॉर्च जात नाही. नकाशा जातो, घरचे नंबर जातात, कुणाचा पाय मुरगळला तर मदत मागायचं साधनच जातं. जी वस्तू संकटात लागणार तिचीच बॅटरी वाट बघण्यात जाळायची, याला काय म्हणायचं?

आमच्या काकांचं म्हणणं वेगळं आहे. हेडलॅम्प हे शहरी पोरांचं फॅड आहे, पूर्वी आम्ही कंदील घेऊन जायचो, वगैरे. काका, हे वाचत असाल तर एकदा आपल्याच गावाकडच्या शिवारात रात्री जाऊन बघा. पंपाला लाईट रात्रीच्या पाळीची असली की दारं धरायला माणूस रात्रीच जातो. त्याच्या दोन्ही हातांत खोरं असतं आणि डोक्याला पट्ट्याची बॅटरी असते. बांधावर घोणस पडलेली असू शकते हे त्याला माहीत असतं. आठवडी बाजारात घेतलेली ती स्वस्तातली बॅटरी म्हणजे हेडलॅम्पच की हो! खाणीत उतरणाऱ्या कामगारांनीही दिवा डोक्यावर नेला तो याच कारणासाठी. ज्याला हातानं काम करायचंय त्याचा दिवा डोक्यावरच हवा. यात फॅड कुठे आलं?

फरक इतकाच, की पूर्वी असा दिवा म्हणजे डोक्यावर बल्ब आणि मागे किंवा कमरेला सेलचा जड डबा असायचा. २००० साली फ्रान्सच्या पेट्झल कंपनीने 'टिक्का' नावाचा छोटा एलईडी हेडलॅम्प आणला. रिमोटमध्ये घालतात तसले तीन बारीक सेल, सगळं कपाळावर मावणारं. आज मिळणारे बरेचसे छोटे हेडलॅम्प त्याच घराण्यातले. सेल धरून वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे साधारण तुमच्या मोबाईलच्या निम्मं. सेल संपले तर पायथ्याच्या गावातल्या दुकानातही मिळण्याची शक्यता असते. आत लिथियम बॅटरी असलेले चार्जिंगचे लॅम्प दीर्घकाळात स्वस्त पडतात हे खरं, पण अर्ध्या वाटेत संपले तर पॉवर बँकेला वायरीने बांधलेल्या अवस्थेत चालावं लागतं. दोन्ही चालेल असा मिळाला तर उत्तम.

आता हेडलाईटवाले. यांना लुमेनची बाधा झालेली असते. "माझा हजार लुमेनचा आहे!" बरं. पण जरा हिशोब करू. झोत तसाच ठेवून दुप्पट लांब बघायचं असेल तर उजेड चौपट लागतो. म्हणजे शंभराचे चारशे लुमेन केलेत, बॅटरी त्या मानाने जाळलीत, की पल्ला फक्त दुप्पट. आणि खोक्यावरचे आकडे कसे मोजतात तेही ऐका. 'एफएल १' नावाचं एक मानक २००९ पासून आहे. त्यात पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं! आणि 'चालतो इतके तास' म्हणजे सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचे तास. चारशे लुमेनचा लॅम्प चाळीसवर आला तरी तो खोक्यावर 'चालू'च असतो. यात कंपन्यांची लबाडी नाही, मानकच तसं आहे. पण आकडा वाचून पैसे मोजणाऱ्याने एवढं वाचायला काय हरकत आहे?

माझ्या मते मळलेल्या वाटेवर चालायला पन्नास लुमेन पुष्कळ झाले. वाट चुकली आणि समोरची खूण शोधायचीय, तेव्हा मिनिटभर दोनशे-तीनशे. तंबूत पाच-दहा. याहून जास्त मिळालं तर मिळू दे, पण त्यासाठी जादा पैसे आणि जादा वजन नको.

छोट्या हेडलॅम्पची वकिली करतोय म्हणून त्याचे दोष लपवणार नाही. पहिला दोष म्हणजे उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो. त्यामुळे दगडांच्या सावल्या दगडांमागे लपतात, वाट सपाट दिसते आणि पायरीचा अंदाज चुकतो. दुसरा, धुक्याचा. सह्याद्रीत पावसाळी ढग अंगावर आला की कपाळावरचा उजेड परतून डोळ्यांत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. दोन्हींवर उपाय एकच, लॅम्प काढून कमरेला बांधा किंवा वाट सोपी असेल तर हातात खाली धरा. तिसरा, पावसाळ्यातले किडे थेट नाकातोंडात येतात. चौथा, बटण सॅकमध्ये आपोआप दाबलं जातं आणि वर पोचेस्तोवर सेल संपलेले असतात. लॉक नसेल तर एक सेल काढून ठेवा. महिनोन्‌महिने वापर नसेल तर सगळेच काढा, नाहीतर गळून आतल्या पट्ट्या खातात.

पाचवा दोष मात्र लॅम्पचा नाही, तो घालणाऱ्याचा. हेडलॅम्प लावलेला माणूस ज्याच्याकडे बघतो त्याच्या डोळ्यांत झोत जातो. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ही कमाई एका सेकंदात बुडते. शिडीवर वरचा माणूस "येतोयस ना रे?" म्हणून प्रेमाने वळून बघतो आणि खालचा क्षणभर आंधळा होतो. ही थट्टा नाही, दरीच्या कडेवरची गोष्ट आहे. म्हणून लॅम्प पायाकडे झुकलेला हवा, बोलताना हाताने झाकायला हवा, आणि थांबल्यावर लाल दिवा लावावा. लाल उजेडात अंधाराची नजर फारशी मोडत नाही.

आणि काजवे! मे अखेरीला नि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला, राजमाचीला झुंडी जातात. काजव्यांचं लुकलुकणं ही नर-मादीची बोलणी असतात. नर इशारा देतो, मादी उत्तर देते. त्या झाडावर हजार लुमेन मारणाऱ्याला मी काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही, आई वाचते. मुळात इतक्या लांबून अंधार बघायला यायचं आणि आल्याबरोबर तो घालवायचा, हे कुठलं शहाणपण?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. हेडलॅम्प घ्या, छोटा घ्या, आणि त्याचं सगळ्यात कमी उजेडाचं बटण आधी शिका. हात मोकळे राहावेत एवढंच त्याचं काम, रात्रीचा दिवस करणं नव्हे. आणि पौर्णिमेच्या रात्री मोकळ्या पठारावर आलात तर तोही बंद करून बघा. जो पाव लक्स विकत घ्यायला आपण खोकी उलटीपालटी करतो, तो तिथे फुकट असतो.