दोन कनेक्शन, चर एकच!

परवा रस्त्याकडेला जेसीबी लागला आणि राजगुरुनगरात आमच्या घरचं नेट पुन्हा गेलं. लोक म्हणाले होते, दुसरं कनेक्शन घ्या, दोन्ही जोडणारा राउटर लावा. लावला. पण दोन्ही केबल एकाच चरातून! एका घावात दोन्ही तुटल्या. राउटर काय कपाळ जोडणार? घरून काम करणाऱ्यांचा दिवस बुडतो, बिल मात्र पूर्ण.

खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायला केंद्राने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं. ठेकेदार ते उघडतो का, हे विचारतं कोण? परवानगी देतानाच ही अट घाला, केबल तोडली तर भरपाई वसूल करा.

आणि मंडळी, दुसरं कनेक्शन घेताना स्पीड नंतर विचारा. आधी विचारा, केबल येते कुठून?