रस्ता फुकट नाही, दोस्त

खिशात चार दमड्या, मोटारसायकलीला वळकटी, आणि महिनोन्‌महिने रस्त्यावरच जगणं. याला काही लोक मुक्ती म्हणतात. म्हणोत बापडे. गोदीत माल वाहणाऱ्या आम्हाला विचारा, उघड्यावर झोपणं ही हौस नसते.

गाडी आमची पोरंही पळवतात. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये एका लेनचं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं, गिनीज बुकात नोंद झाली. चाक झकास पळतं. पण रात्र पडल्यावर?

कमी पैशात फिरणारा पेट्रोल विकत घेतो, भाकर आणि ओसरी मागून घेतो. तिथं पहिला सवाल गाडीचा नसतो. ‘आडनाव काय म्हनलं, भाऊ?’ ज्याच्या आडनावाला दार उघडतं त्याचाच प्रवास स्वस्त. आपण लॉजचं भाडं मोजायचं. हा जातीचा टोलनाका, साला पावतीही देत नाही.

रस्त्यावर जगावं ते गाडगेबाबांनी. शेंडगावचा हा परीट १९०५ साली घराबाहेर पडला. हातात खराटा. आधी गाव झाडायचं, मग भाकर. दार कोणाला बंद असतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या हवाली केली. स्वतः २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ वाटेतच गेले.

तेव्हा गाडी जरूर काढा. पण ज्याला दार उघडतं त्यानं आत पाय टाकण्याआधी घरधन्याला विचारावं, हे दार कोणाला बंद आहे? नसेल विचारायचं, तर मुक्तीच्या गप्पा बंद.