कोच बदला! पण त्याआधी...



फुटबॉलचा विषय निघाला की तुमच्या पत्रांचा ढीग येतो, हे आता सवयीचं झालंय. पण या वेळी बदलापूरहून आलेल्या एका पत्रानं विचार करायला लावलं. नववीतल्या एका मित्राचं पत्र. अक्षर गिचमिड, पण मुद्दा एकदम स्पष्ट. तो लिहितो, "आमचा क्लब दर वर्षी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं घेतो. पेपरात फोटो येतो, गळ्यात स्कार्फ, हातात जर्सी. मग ती मुलं वर्षभर बाकावर बसतात आणि पुढच्या वर्षी गायब होतात. मी बदलापूरहून दादर, दादरहून अंधेरी करत मॅचला जातो. ओरडून घसा बसतो. आई म्हणते, तुझ्या ओरडण्यानं कोच ऐकणार आहे का? मला वाटतं, कोचला हाकललंच पाहिजे. माझा राग चूक आहे का?"

नाही रे बाबा, चूक मुळीच नाही! ज्याला संघाचं काही वाटत नाही त्याला राग येतच नाही. तो टीव्ही बंद करून झोपतो. पण राग ही गोष्ट पेनल्टी किकसारखी असते. नुसता जोर लावून भागत नाही, कुठे मारायची ते आधी ठरवावं लागतं. नाहीतर चेंडू थेट प्रेक्षकांत!

आपल्याच मुंबईत असा एक चेंडू प्रेक्षकांत गेला होता. ती गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी.

२००७ साली मुंबई एफसी नावाचा क्लब सुरू झाला. चर्चगेटजवळच्या कूपरेज मैदानावर त्याचे सामने होत. २००९ पासून त्याचा कोच होता खालिद जमील. हा स्वतः भारतासाठी खेळलेला, मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडमध्ये नाव कमावलेला. क्लबकडे पैसा बेताचा. मोठे खेळाडू परवडत नसत. पण खालिदनं सात वर्षं हा संघ आय-लीगमध्ये टिकवून धरला, एकदाही खालच्या श्रेणीत घसरू दिला नाही.

तरी चाहते खूश होते का? छे! खेळ फार बचावात्मक, लांब लांब उंच फटके, बघायला मजा येत नाही, ही नेहमीची तक्रार. आणि ती अगदीच खोटी नव्हती. २०१६ साली क्लबनं खालिदला निरोप दिला. नवा कोच, नवा खेळ, आता बघा गंमत, असं वातावरण होतं.

खालिद गेला मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे. हा क्लब तर आदल्याच वर्षी आय-लीगमधून घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं, म्हणून त्याला परत जागा मिळाली. पैसा तर मुंबईहूनही कमी. खालिदनं मुंबईतून आपल्या ओळखीचे जयेश राणे, आशुतोष मेहता असे खेळाडू बरोबर नेले आणि त्यांना मिझोरामच्या तरुण पोरांची जोड दिली.

पुढे काय झालं? २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलनं बलाढ्य मोहन बागानला १-० असं हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता. ऐझॉल आधी पिछाडीवर पडलं, मग विल्यम लालनुनफेला या तरुणानं बरोबरी साधली. १-१. तो एक गुण पुरला! ऐझॉल भारताचं विजेतं ठरलं. ईशान्य भारतातला हा पहिला विजेता क्लब.

आणि त्याच मोसमात मुंबई एफसी? मधेच कोच पुन्हा बदलला, तरी दहा संघांत दहावा नंबर. क्लब खाली घसरला आणि मग बंदच पडला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हा आय-लीगमधला क्लबही त्याच वर्षी बंद झाला. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड गेलाच होता. म्हणजे बघा, ज्या २०१७ साली कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, त्याच साली महाराष्ट्राचे आय-लीगमधले दोन्ही क्लब नाहीसे झाले.

आता कोचच्या नावानं बोटं मोडायची म्हटलं, तरी क्लब आहे कुठे?

याचा अर्थ कोच नेहमी बरोबर असतो, असा काढू नका हं! खालिदचा खेळ रटाळ वाटला, तर तसं म्हणायचा प्रेक्षकांना हक्क होताच. आणि क्लब काही चाहत्यांच्या ओरडण्यानं बंद पडला नाही. चुकलं ते एवढंच, की कोच बदलला की सगळं बदलेल असं सगळ्यांनीच धरून चाललं. पैसा तेवढाच, सराव तेवढाच, खालून येणारी मुलं तेवढीच. नुसता माणूस बदलून काय होणार?

इथे आपल्या बदलापूरच्या मित्राला त्याच्या घराजवळचीच एक गोष्ट दाखवतो. बारवी धरण!

पावसाळ्यात ते भरलं की सगळीकडे आनंदीआनंद. पेपरात फोटो, "बारवी काठोकाठ!" सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं त्यात. पण मला सांगा, धरण भरलं त्याच क्षणी उल्हासनगरच्या नळाला पाणी येतं का? नाही. धरणातून सोडलेलं पाणी नदीनं खाली वाहत येतं. जांभूळला ते उचलतात, शुद्ध करतात. मग मोठमोठ्या जलवाहिन्यांतून ते अंबरनाथ, उल्हासनगर, पार ठाणे आणि मिरा-भाईंदरपर्यंत जातं. यातलं एक ठिकाण जरी तुंबलं, एक जलवाहिनी जरी फुटली, तरी धरण काठोकाठ आणि घरात बादली रिकामी. हा अनुभव तुमच्या भागात कुणाला नवा नाही. आईला विचारा!

फुटबॉलचंही अगदी तसंच. गल्लीबोळांतून, शाळांतून, कोल्हापूरच्या तालमींतून मुलं येतात, तो पाऊस. क्लब त्यांना करारबद्ध करतो, ते धरण. पण मोठ्या संघात उतरण्याआधी त्यांना भरपूर सामने लागतात. राखीव संघाचे, एकवीस वर्षांखालचे, दुसऱ्या क्लबाकडे उसने जाऊन खेळलेले. ती झाली जलवाहिनी. क्लबानं नुसती मुलं घेतली आणि त्यांना सामनेच दिले नाहीत, तर धरण भरून नळ कोरडा.

आता आपल्या मित्राचा राग पुन्हा तपासून बघू. "तरुण मुलं घेतात पण खेळवत नाहीत." म्हणजे तक्रार धरणाची नाही, जलवाहिनीची आहे. आणि जलवाहिनी कुणाच्या हातात असते? सगळीच कोचच्या नाही. अकरा जणांत कोण उतरणार, हे कोच ठरवतो. पण कुठला खेळाडू घ्यायचा, किती पैसे द्यायचे, राखीव संघ चालवायचा की नाही, सरावाला मैदान कुठलं, हे बरेचदा मालक आणि कचेरीतली मंडळी ठरवतात. कोचला करार एखाद्या वर्षाचा आणि डोक्यावर टांगती तलवार. तीन सामने हरला तर नोकरी जाणार, हे माहीत असताना तो अठरा वर्षांच्या पोराला उतरवेल, की तीस वर्षांच्या अनुभवी परदेशी खेळाडूला? तुम्हीच सांगा. म्हणजे गंमत अशी, की "कोच हटाव" म्हणून आपण जितकं जोरात ओरडतो, तितका तो कोच तरुण पोरांना उतरवायला घाबरतो!

शिवाय नियमही बघावे लागतात. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. म्हणजे भारतीयांना जागा उरल्या पाच. २०२१-२२ च्या मोसमापासून परदेशी चारच, म्हणजे भारतीय सात. दोन जागा वाढल्या त्या नियम बदलल्यामुळे, कुणा कोचच्या उदारपणामुळे नाही.

जलवाहिनी नीट असली की काय होतं, त्याचंही उदाहरण देतो. मिझोरामचा लालेंगमाविया, ज्याला सगळे अपुइया म्हणतात, तो २०१७ च्या त्याच विश्वचषक संघात होता. त्यानंतर तो इंडियन ॲरोजमध्ये खेळला. हा संघ खास तरुणांना सामने मिळावेत म्हणूनच चालवला जात होता. तिथून नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये गेला, नियमित खेळला आणि २०२०-२१ मध्ये उगवता खेळाडू म्हणून गौरवला गेला. त्या मोसमाच्या उत्तरार्धात त्या संघाला उपांत्य फेरीत नेणारा कोच कोण होता, ओळखा पाहू. बरोबर, खालिद जमील! मग २०२१ मध्ये मुंबई सिटीनं अपुइयाला घेतलं, तेव्हा तो विशीतच होता, पण बाकावर बसायला आला नव्हता. पोतडीत सामने घेऊनच आला होता. मुंबईसाठी तो भरपूर खेळला आणि २०२४ मध्ये मोहन बागानकडे गेला.

सातासमुद्रापारही हेच. १९९५ साली मँचेस्टर युनायटेडच्या ॲलेक्स फर्ग्युसननं इन्स, ह्यूज आणि कांचेल्स्कीस हे तीन मोठे खेळाडू जाऊ दिले आणि पोरांवर भिस्त ठेवली. चाहते खवळले. मोसमाचा पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाविरुद्ध १-३ असा हरला, तेव्हा तर पोरं घेऊन कुणी जिंकतं का, अशी टिंगल टीव्हीवर झाली. पण १९९६ च्या मे महिन्यात त्याच संघानं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले! जादू? मुळीच नाही. बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल ही मुलं १९९२ मध्येच युवा चषक जिंकून बसली होती. मधली तीन वर्षं ती खालच्या संघांतून खेळत होती. बेकहॅम तर १९९५ च्या सुरुवातीला प्रेस्टन नावाच्या छोट्या क्लबाकडे उसना गेला होता. जुलैचा पाऊस मे महिन्यात नळाला आला, इतकंच.

आणि आता थोडं कडू औषध. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताचा कोच झाला. सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत भारतानं ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर मिळवला. वा रे खालिद! सगळीकडे कौतुक. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरनं आपल्याला २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. हा कसला कोच? माणूस तोच. मधे गेले जेमतेम पाच आठवडे. पाच आठवड्यांत कुणी इतका शहाणा आणि मग इतका मूर्ख होतो का? निकालावरून माणसाची किंमत करायची घाई केली, की आपलंच हसं होतं.

पालकांनो, एक शब्द तुमच्याशीही. शाळेच्या सामन्यात आपलं लेकरू बाकावर बसलं की मैदानाबाहेरून सरांवर ओरडणारे आईबाबा आम्ही पाहतो. सरांना जरूर विचारा. पण "माझ्या मुलाला का घेतलं नाही?" असं विचारण्यापेक्षा "त्याला खेळायला सामने कुठे मिळतील? त्यानं कशावर मेहनत घ्यावी?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नानं सर आक्रसतात, दुसऱ्यानं मोकळे होतात. आणि मुलगा ते दोन्ही ऐकत असतो, बरं का.

तर बदलापूरच्या मित्रा, तू अंधेरीला जात राहा. ओरड, गा, झेंडा फडकव. संघ वाईट खेळला तर वाईट म्हण. फक्त शिव्या आणि अंगावर जाणं नको. त्यानं कुठल्याही पोराला एक मिनिटही जास्त खेळायला मिळत नाही. आणि घरी आल्यावर एक काम कर. तूच का, तुम्ही सगळ्यांनीच करा.

एक दोनशेपानी वही घ्या. आपल्या क्लबातल्या एकवीस वर्षांखालच्या प्रत्येक खेळाडूसाठी एक पान. त्यावर चार रकाने आखा: तारीख, सामना, किती मिनिटं खेळला, कुठल्या जागेवर खेळला. राखीव संघाचे सामनेही लिहा. २०२२ साली तरुणांसाठी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, तिचे निकालही शोधून काढा. मोसम संपला की मिनिटांची बेरीज मारा.

बेरीज भरघोस निघाली, तर समजा की पाणी वाहतंय, थोडा धीर धरा. आणि पानंच्या पानं कोरी राहिली, तर ती वही समोर ठेवून क्लबला एक सभ्य, खणखणीत पत्र लिहा. कोचला, मालकाला, दोघांनाही. आकडे हातात असलेल्या चाहत्याला "तुला काय कळतं?" असं म्हणणं फार अवघड जातं.

बेरजा झाल्या की आम्हालाही कळवा. वाट पाहतोय!