विश्लेषण : जुहू विमानतळ मुंबईला अजूनही का हवा?

जुहू विमानतळावरून तिकीट काढून विमानाने कुठे जाता येत नाही. तरीही भर वस्तीतील ही धावपट्टी कायम आहे. तिचा उपयोग कोणाला आणि तोटा कोणाला?

इतिहास काय?
१९२८ मध्ये सुरू झालेला जुहू हा देशातील पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन येथेच उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली.

आज येथे काय चालते?
मुख्यतः हेलिकॉप्टर वाहतूक. ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तेथील ‘ओएनजीसी’चे कर्मचारी जुहूहून ये-जा करतात. समुद्रात कोणी जखमी झाले, तर त्याला लवकर किनाऱ्यावर आणण्याचा मार्गही हाच.

हे काम मोठ्या विमानतळावर का नाही?
मुंबईच्या मुख्य विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक करता येत नाही आणि प्रत्येक उड्डाणाची वेळ मोलाची ठरते. हेलिकॉप्टरची वर्दळ जुहूला राहिल्याने हा ताण वाढत नाही. मात्र दोन विमानतळ इतके जवळ असल्याने गफलतही झाली आहे. १९५३ मध्ये ब्रिटिश ‘कॉमेट’ आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे ‘डीसी-८’ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले होते.

रहिवाशांची अडचण काय?
उड्डाणमार्गाच्या सुरक्षेसाठी परिसरातील इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. पुनर्विकासात विकासक जादा सदनिका विकून खर्च भरून काढतो. मजलेच वाढले नाहीत, तर हे गणित जुळत नाही. चटईक्षेत्र मंजूर असूनही ते पूर्ण वापरता येत नाही. परिणामी विलेपार्ले, सांताक्रूझ, अंधेरीतील अनेक जुन्या इमारतींत गळकी छते आणि लिफ्टविना जिने ज्येष्ठ नागरिकांच्या वाट्याला येतात. जुहू हटवला तरी मुख्य विमानतळाचे निर्बंध राहतीलच.

पर्याय आहे का?
नवी मुंबई विमानतळ शहराच्या पूर्वेला, तर तेलक्षेत्र पश्चिमेला. तेथून उड्डाणे झाल्यास अंतर वाढेल आणि हेलिकॉप्टरना दाट वस्ती किंवा मुख्य विमानतळाचे हवाई क्षेत्र टाळून वळसा घ्यावा लागेल. त्यामुळे ‘ही जागा मोकळी करा’ म्हणण्याआधी समुद्रात काम करणाऱ्यांची सोय कोठे होणार, हे ठरवावे लागेल. तोवर या सेवेची किंमत शेजारच्या इमारती मोजत राहतील.